डी ड्राइव्हला हाय की बॅकअप

बेळगावच्या वडगावात लाईट गेली की ते डोळ्याआधी कानाला कळतं. काकांच्या दुकानाच्या डाव्या अंगाला दोन घरं सोडून माग, मागच्या बोळात माग, समोर पण माग, सगळे पॉवरलूम, सकाळी जे खटाखट सुरू होतं ते रात्रीपर्यंत, आणि आम्ही त्याच्यातच वाढल्यामुळं ते ऐकू येतंय हेच विसरलेलो असतो. पावसाळ्यात दुपारी कधीतरी लाईट जाते, सगळी गल्ली एकदम गप्प होते, आणि मग कळतं अरे, पन्हाळीतनं पाणी पडालंय, कुणाचं तरी पोरगं रडालंय, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

त्या जुलैत मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरहून सकाळी उतरलेलो, दुपारी जेवून काकांच्या दुकानात बसलेलो, आणि त्या शांततेत मला ऐकू आली ती त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. यूपीएस मधनंमधनं टूं करत होता आणि दोन टूंच्या मधे टक... टक... टक... आणि मग कुणीतरी घसा खाकरल्यासारखं कर्र.

"काका, हे कधीपासनं वाजालंय?"

"काय वाजालंय?"

खरंच त्यांना माहीत नव्हतं. कारण माग चालू असताना ते ऐकू येणं शक्य नाही आणि लाईट गेली की काका लगेच कॉम्प्युटर बंद करून चहाला जातात, बॅटरी वाया जाऊ नये म्हणून. म्हणजे डिस्क बिचारी किती महिने कण्हत होती कुणास ठाऊक.

काकांचं दुकान डीटीपीचं. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, आणि जुलै-ऑगस्टात गणपती मंडळांची पावती पुस्तकं. त्याशिवाय जुनी कागदपत्रं टाईप करून देणं, स्कॅन करून ठेवणं, कन्नडमधे अर्ज करून देणं. मशीन जुनं, १६० जीबीची डिस्क, तिच्यावर विंडोज एक्सपी, ज्याचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमधे संपला, खरं काकांनी कधी बदललं नाही (आमच्याकडं 'पण' ला 'खरं' म्हणतात, पुण्यात असताना ह्या एका शब्दापायी माझी रोज दोन भांडणं व्हायची). डिस्कचे तीन भाग: सी ला विंडोज, डी चं नाव कन्नड, ई चं नाव मराठी. वीस वर्षं ही वाटणी सुखात चाललीय आणि तिच्यावरनं कुणी मोर्चा काढलेला नाही.

मी म्हटलं काका ही डिस्क जाणार, आज नाहीतर उद्या. तर ते चष्मा पुसत म्हणाले, "जाईना की. बॅकअप हाय. दर महिन्याला ई मधलं सगळं डी ड्राइव्हला घातलोय."

मी गप्प बसलो. आता ह्या माणसाला काय सांगायचं. डी आणि ई हे दोन डबे नाहीत, एकाच डब्यातले दोन कप्पे आहेत, आणि डबाच गटारात पडला तर कप्प्यांचं काय कौतुक. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "मग त्ये दोन वेगळे दिसतात कशाला?" ह्या प्रश्नात दम आहे. स्क्रीनवर दोन वेगळी चित्रं, वेगळी नावं, वेगळी जागा दाखवणार, आणि आत मात्र एकच चकती फिरणार. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांचा बॅकअप असाच आहे, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात, आणि ते रात्री शांत झोपतात.

माझा पहिला विचार सोपा होता, की पेन ड्राइव्हवर फाईली ओढून घ्यायच्या, संपला विषय. दोन फोल्डर घेतले पण, आणि माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितले. लग्नपत्रिकेच्या जागी नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. वधूचं नाव कुठलं, वराचं कुठलं, मुहूर्त किती वाजता, काही पत्ता नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर, सगळीकडं येण्याच्या आधीचे जे मराठी फाँट होते ते असेच. त्यात 'क' ला स्वतःचा नंबर नसायचा, रोमन अक्षराच्या घरात 'क' चं चित्र भाड्यानं ठेवलेलं असायचं. फाँट असेपर्यंत ते मराठी दिसतं, फाँट गेला की खालचं घर उघडं पडतं. त्यात काकांचं ते सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉक घातल्याशिवाय चालू होत नाही, एक छोटं यूएसबीचं बोंडूक, त्याला त्यांनी दोरा बांधून टेबलाच्या पायाला अडकवलंय. पत्रिकांचे साचे, गणपतीची चित्रं, कुठल्या फाँटला किती अंतर, कटर लागतो तिथली रेघ, हे सगळं त्या सी ड्राइव्हच्या सेटिंगांमधे. जुना फाँट युनिकोडमधे बदलून देणारी कन्व्हर्टरं आहेत, मी चालवून बघितली, नव्वद टक्के बरोबर येतं आणि उरलेल्यात रफार एक घर पुढं नाहीतर मागं जाऊन बसतो. पत्रिकेवर आडनावाचा रफार हलला तर व्याही मंडळी काय करतात ते काकांना विचारा.

म्हणजे फाईल वाचली म्हणून वाचता येईल असं नाही. मराठीत ह्या दोन्हीला आपण एकच क्रियापद वापरतो आणि त्या दुपारी मला पहिल्यांदा त्यातली फट दिसली. फाईली नकोत, सगळंच्या सगळं पाहिजे. विंडोजसकट, फाँटसकट, डेस्कटॉपवरच्या काकांनी 'नवीन', 'नवीन १', 'नवीन नवीन' अशी नावं दिलेल्या फोल्डरांसकट. अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो अख्खा भाग, जसंच्या तसं, उचलून दुसरीकडं.

ह्याला इमेज म्हणतात. आणि ह्याच्यासाठी एक रुपया लागत नाही.

"फुकट?" काका म्हणाले. "फुकट हाय म्हंजे त्यात कायतरी असतंय बग."

मी इमेज काढणाऱ्या क्लोनझिलाबद्दल सांगितलं, की तैवानमधे तिथल्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंगमधे ते तयार झालं, त्याचा कोड कुणीही बघू शकतो, पेन ड्राइव्हवर घालायचं, त्याच्यावरनं मशीन चालू करायचं, विंडोजला हातही लागत नाही. काकांना तैवान पटलं नाही. मग म्हटलं, हे मी बेंगळूरला ऑफिसात वापरतो. ते लगेच पटलं.

खरं आजारी डिस्कवर सरळ क्लोनझिला लावायचं नसतं. ते निरोग्यांसाठी. एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटासा तुकडा, वाचता आला नाही की ते थांबतं, एक्सपर्ट मोडमधे रेस्क्यूचा पर्याय देऊन पुढं ढकलता येतं, तरी मरायला टेकलेल्या डिस्कला पहिल्यांदा जे लागतं ते डीडीरेस्क्यू. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून बघितलं, पेंडिंग सेक्टर तीनशेच्या वर, म्हणजे डिस्क स्वतःच सांगत होती की इतक्या जागा मला आता वाचवेनात. अशा वेळी विंडोजमधे जाऊन चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची कमांड, मारायची फार खुमखुमी येते. मारू नका. ते मरणाऱ्या डिस्कवर लिहायला जातं, आणि दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावल्यासारखं होतं.

डीडी नावाची एक जुनी युनिक्स कमांड आहे, जगातली सगळ्यात सरळ आणि सगळ्यात निर्दय. कुठनं आणि कुठं एवढंच विचारते, आणि तुम्ही ते दोन उलटे सांगितलेत तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतून मोकळी होते, एक शब्द न बोलता. लोक तिला डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते उगीच नाही. मी कॉलेजात एकदा हे केलंय, स्वतःच्याच डिस्कवर, त्याबद्दल जास्त बोलत नाही. डीडीरेस्क्यू तिची शहाणी बहीण. ती आधी सोपं सोपं उचलते, अडलं की तिथं न थांबता उडी मारून पुढं जाते, सगळं चांगलं घेऊन झालं की मग खराब जागांच्या कडा खरवडायला परत येते. डिस्क कधी मरेल सांगता येत नसेल तर हाच क्रम बरोबर. आणि कुठवर आलो, काय राहिलं, हे सगळं ती एका मॅपफाईलमधे लिहीत जाते.

ह्या मॅपफाईलमुळं मी वाचलो.

झालं असं की नवीन ५०० जीबीची डिस्क आणली, काकांच्या मशीनमधे दुसऱ्या केबलला लावली, लिनक्सच्या लाईव्ह पेन ड्राइव्हवरनं चालू केलं आणि रात्री नऊला डीडीरेस्क्यू सोडलं. कुठली डिस्क कुठली हे तीनदा बघितलं, साईज बघितली, सिरियल नंबर डिस्कच्या स्टिकरशी जुळवला, काकांना पण वाचायला लावला, लिनक्सच्या नावांत जुनी एसडीए, नवी एसडीबी. निरोगी डिस्क असती तर तासा-दीडतासाचं काम. ही मात्र जिथं बरी तिथं भराभर आणि मधेच एखाद्या जागी पाच-पाच मिनिटं टकटक. रात्री दोनला धो धो पाऊस आणि लाईट गेली. यूपीएस पंधरा मिनिटं. अंधारात कंट्रोल-सी मारलं, मशीन बंद केलं, आणि तसाच खुर्चीत बसलो. लाईव्ह पेन ड्राइव्हवरनं काम करताना सगळं रॅममधे असतं, मशीन बंद झालं की पाटी कोरी. मी सवयीनं मॅपफाईल पण आधी तिथंच ठेवत होतो, नऊ वाजता शेवटच्या क्षणी आठवलं आणि ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली. नाहीतर पहाटे चारला लाईट आली तेव्हा ती मरतुकडी डिस्क पहिल्यापासनं वाचायला लावावी लागली असती, आणि मला नाही वाटत तिनं दुसऱ्यांदा दम धरला असता. तीच कमांड परत दिली, जिथं सोडलं होतं तिथनं सुरू.

सकाळी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा १६० जीबीतलं काहीशे केबी सोडून सगळं आलं होतं. त्या काहीशे केबीत नेमकं काय गेलं हे पण शोधता येतं, डीडीरेस्क्यूला सांगायचं की नव्या डिस्कवर त्या रिकाम्या जागांमधे एक ठरलेला शब्द भर, आणि मग कुठल्या फाईलीत तो शब्द सापडतो ते शोधायचं. बरीचशी जागा ब्राउझरच्या कचऱ्यात होती. एक फाईल मात्र खरी गेली, खानापूरकडच्या एका लग्नाची पत्रिका, २००९ ची. काका म्हणाले, "त्यांची आता दोन पोरं शाळेत हाईत. जाउंदे."

त्या दिवशी दुपारी काकांनी मला एक प्रश्न विचारला. लिनक्सच्या यादीत त्यांना दिसलं एसडीए १, मग २, आणि मग एकदम ५ आणि ६. "तीन-चार कुठं गेले?"

सांगायला बसलो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले पहिले ४४६ बूट करायच्या कोडला, शेवटचे दोन सहीसारखे, आणि मधल्या ६४ बाइटात अख्ख्या डिस्कचा हिशेब. प्रत्येकी १६ बाइटच्या चारच ओळी, कुठला भाग कुठनं सुरू होतो आणि केवढा. चारच्या वर भाग पाहिजेत तर एका ओळीत मोठा डबा दाखवायचा आणि त्याच्या आत पुढचे, त्यांचे नंबर पाचापासनं. ते आतले डी आणि ई कुठं आहेत हे पहिल्या सेक्टरात लिहिलेलंच नसतं, ते डब्याच्या आत साखळीसारखं एकाला एक जोडलेलं.

काका उठले आणि कपाटातनं एक प्लास्टिकची पिशवी काढली. आज्जांचं खरेदीपत्र, १९५२ चं. मराठीत, कारण तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि आता त्याच तुकड्याचा उतारा कन्नडमधे येतो. जमीन बोटभर हलली नाही. काकांनी बोट ठेवून दाखवलं: चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. चारच ओळी. "आणि पुढं भावाभावात वाटणी झाली," ते म्हणाले, "त्ये ह्याच्यात न्हाई. त्येचा कागद वेगळा."

मला एवढं नेमकं कधी सांगता आलं नसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कुठंतरी वाचून डीडीनं पहिले ५१२ बाइट तेवढे कॉपी करून ठेवायचो आणि स्वतःला हुशार समजायचो. म्हणजे खरेदीपत्र जपलं आणि वाटणीपत्र विसरलो. हिशेब पूर्ण पाहिजे तर एसएफडिस्क नावाच्या कमांडनं सगळ्या पार्टिशनची यादी एका साध्या मजकुराच्या फाईलीत काढून घ्यायची, दोन-चार ओळींचा मामला, कागदावर छापून पण ठेवता येते. क्लोनझिला हे आपलं आपण करतं, इमेजच्या फोल्डरात उघडून बघा, पार्टिशनच्या यादीची छोटी फाईल, पहिल्या सेक्टरची छोटी फाईल, आणि मग मोठमोठे तुकडे.

नवी डिस्क मशीनमधे बसवली, एक्सपी चालू झालं जसं काही झालंच नाही, चेकडिस्क आता मारली कारण आता ती निरोगी डिस्कवर होती. मग क्लोनझिला. करड्या-निळ्या पडद्यावर अक्षरांचे मेनू, बघून वाटतं काहीतरी फार गंभीर चाललंय, खरं एंटर एंटर करत जायचं असतं. ते पार्टक्लोन नावाचं दुसरं अवजार वापरतं आणि त्यातली गंमत ही की ते भरलेल्या जागाच उचलतं, रिकामी जागा नाही. काकांच्या १६० मधले ६१ जीबी भरलेले, दाबून इमेज झाली ४० च्या आसपास. बाहेरच्या डिस्कचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाईल तिथं बसतच नाही, म्हणून तुकडे पाडावे लागतात, ते पण तेच करतं. शेवटी विचारतं, इमेज तपासून बघू का. हो म्हणा, वेळ लागला तरी.

नवीन विंडोजवाल्यांसाठी एवढंच, की शट डाउन केलं म्हणजे ते झोपतंच असं नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर अर्धवट जागं असतं आणि मग पार्टक्लोन त्या पार्टिशनला हात लावायला नकार देतं. बरोबरच आहे त्याचं. आधी ते बंद करा. आणि ज्यांना हे अक्षरांचे मेनू बघून धडकी भरते त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला आहे, माऊसनं चालतं, क्लोनझिलाच्या इमेजी वाचतं, आणि इमेजच्या आत शिरून एखादीच फाईल काढून देतं. मी अजून जुन्यावरच आहे, सवय.

काकांना वाटलं झालं. मला पण वाटलं झालं, सोमवारी ऑफिस होतं. मग रात्री जेवताना ते म्हणाले, "आता हे परत घालून बघितलास न्हवं?"

नव्हतं बघितलं. ज्या माणसाला दोन दिवसांपूर्वी डी आणि ई मधला फरक मी शिकवला त्यानं मला हे विचारावं.

दुकानाच्या माळ्यावर एक जुनी ८० जीबीची डिस्क होती, म्हटलं ६१ जीबी आहे, बसेल. क्लोनझिला परत घालताना दोनदा विचारतं, नक्की का, नक्की का, दोनदा हो म्हटलं, आणि त्यानं तोंडावर सांगितलं की जागा पुरत नाही. भरलेलं किती ते बघत नाही, मूळ पार्टिशन जेवढं होतं तेवढी तरी जागा पाहिजे म्हणतं. म्हणजे आत धान्य पाव पोतं असलं तरी कणगी तेवढीच मोठी पाहिजे. आधी जीपार्टेड नावाच्या अवजारानं पार्टिशन आखडून घेऊन इमेज काढली असती तर बसलं असतं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या रिपेरीवाल्याकडनं जुनी २५० ची मिळाली, तिच्यावर घातलं, तीस-चाळीस मिनिटात काकांचं मशीन दुसऱ्यांदा जन्मलं.

मग मला नको ती हुशारी सुचली, तीच डिस्क काढून पुतण्याच्या नव्या मशीनला लावली. निळा पडदा, एररचा नंबर शून्य एक्स सात बी. नव्या मशीनवर डिस्क एएचसीआय पद्धतीनं चालते आणि एक्सपीला ती भाषा मुळातच येत नाही. बायोसमधे, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधे, आयडीई ह्या जुन्या पद्धतीचा पर्याय असेल तर तडजोड होते, ह्या मशीनला तो नव्हता. इमेज म्हणजे जसंच्या तसं, आणि जसंच्या तसं जुन्या घरातच बसतं. ह्याच्यावर उपाय आहे, व्हर्च्युअलबॉक्समधे एक खोटं जुनं मशीन उभं करायचं, आयडीईचा कंट्रोलर द्यायचा, लॉकचं बोंडूक यूएसबीवरनं आत सोडायचं. तो मी दिवाळीला करणार आहे असं घरात सांगितलंय, कुठली दिवाळी ते सांगितलेलं नाही.

रविवारी चन्नम्मात बसायच्या आधी बाहेरच्या डिस्का दोन केल्या, एक दुकानात नको म्हणून काकूंच्या कपाटात, एक माझ्या बॅगेत बेंगळूरला. काकांना महिन्यातनं एकदा कसं करायचं ते वहीत लिहून दिलं, सतरा पायऱ्या, प्रत्येक पडद्यावर कुठलं दाबायचं. ते दर अमावास्येला करतात, तेव्हा मशीन साफ करायचा दिवस असतो म्हणून.

खंडेनवमीला गेलो तर दुकानात सगळं मांडलेलं. कटर, स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी, प्रिंटर, कीबोर्डवर झेंडूची फुलं, शेजारच्या मागाच्या धोट्याला पण हळदकुंकू. मधे पाटावर काकूंच्या कपाटातली ती बाहेरची डिस्क, आणि तिच्या शेजारी जुनी, टकटकणारी, आता गप्प. मी म्हटलं काका कुंकू त्या यूएसबीच्या खाचेत जाऊ देऊ नका. त्यांनी आधीच तिथं चिकटपट्टी लावली होती.